घाटाखाली भंडारा

अण्णाला समुद्र दाखवायचा, हे नोकरी लागल्यापासून माझ्या मनात होतं. अण्णा माझा थोरला भाऊ. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी चारचौघांत सांगतो, लपवत नाही. मी बी.कॉम. होऊन बेळगावात टिळकवाडीला राहायला आलो. अण्णा कडोलीच्या बाजूच्या आमच्या गावात, बटाट्याच्या वावरात राहिला. घाट उतरला की समुद्र, एवढ्या जवळ राहून त्यानं तो कधी बघितला नव्हता.

घाई करायला कारण झालं ते त्याचं लिव्हर. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, दारू आजपासून बंद. बंद केली तरी पुढचं काही सांगता येत नाही. यातलं पहिलं मी घरी सांगितलं, दुसरं नाही.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून अण्णानं सोडली नसती. वैनीनं त्याला गावदेवीच्या, लक्ष्मीच्या देवळात नेऊन भंडारा उचलायला लावला. हळदीचा भंडारा मुठीत घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. कोर्टात बिनदिक्कत खोटं बोलणारा माणूससुद्धा भंडारा म्हटलं की पाय मागं घेतो. अण्णानं शब्द पाळला, पण त्याचं बोलणं बंद झालं. संध्याकाळ झाली की कट्ट्यावर बसून रस्त्याकडं बघत राहायचा. जरा हवापालट होईल म्हणून मी मोबाईलवरून आम्हा तिघांसाठी एक दिवसाची सहल ठरवली. त्यात काजूची बाग होती, माशाचं जेवण होतं, खाडीत कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी नाव, होती.

काजूच्या बागेत दारूची भट्टीही असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडं बाग म्हणजे बाग.

गाडीतून उतरल्या उतरल्या वास आला. झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडांचा खच पडला होता, पुढं रस काढायची जागा, आणि शेडमध्ये मडक्याखाली जाळ. वास गोड होता, आंबूस होता, आणि अण्णाच्या नाकपुड्या हललेल्या मी बघितल्या. बाग दाखवणाऱ्या माणसानं हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची एकदाच गाळलेली हलकी दारू, छोट्या पेल्यांत ओतून पुढं केली. अण्णानं पेला उचलला.

"ठेवा खाली," वैनी म्हणाली.

"का? शब्द लक्ष्मीला दिलाय. तिची शीव गावच्या वड्यापतुर. आपुन घाट उतरून आलाव. हितं तिचं काय चालतंय?"

बाग दाखवणारा हसला. त्याला वाटलं, नवरा-बायकोची थट्टा चालली आहे. मला हसू आलं नाही. जत्रेच्या आधी आमच्या गावाची शीव बांधतात, तेव्हा देवीची हद्द कुठून कुठपर्यंत हे शेंबड्या पोरालाही कळतं. अण्णाचं म्हणणं गावातल्या कुठल्याही पंचानं खोडलं नसतं. मी लिव्हरचं बोलायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तू गप रं. तुझं इंग्लिश घरात."

वैनीनं पदराची गाठ सोडली. आत पुडी होती, पुडीत भंडारा.

"तुमी ह्यो फाटा फोडणार, मला ठावं हुतं," ती म्हणाली. "निगतानाच बांधून घेतलाय. घ्या, आली तुमची लक्ष्मी घाटाखाली." आणि तिनं चिमूट भरून त्याचं कपाळ पिवळं केलं.

अण्णानं पेला ठेवला. पण तिच्याकडं त्यानं जसं बघितलं, तसं मी त्याला परक्या माणसाकडंही बघताना पाहिलं नव्हतं.

जेवायला इसवणाची, म्हणजे सुरमईची, तळलेली तुकडी, तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं, सोलकढी. समोर माडांच्या आडून समुद्र दिसत होता, राखेच्या रंगाचा. अण्णानं भात चिवडला. "समुद्र बघ की," मी म्हणालो. "बगितला," तो म्हणाला, "पाणीच हाय."

कयाकमध्ये आम्ही दोघं बसलो, तो पुढं, मी मागं. वैनी काठावर चपला राखत उभी राहिली. दोन्ही बाजूंना खारफुटी, मुळं चिखलातून वर आलेली, कुठं पाखराचा आवाज नाही. मधोमध आल्यावर अण्णानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, ओंजळीनं पाणी घेतलं आणि कपाळ चोळून धुतलं. मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. मग त्यानं पलीकडच्या काठावरच्या ताडपत्रीच्या हॉटेलाकडं वल्हं मारायला सुरुवात केली. तिथं काय मिळतं, ते पाटी न वाचताही कळत होतं.

त्याचे हात शेतकऱ्याचे. पण नाव वळते मागच्याच्या वल्ह्यानं. तो ओढत होता, मी वळवत होतो, आणि नाव जागच्या जागी फिरत राहिली.  शेवटी त्याला धाप लागली.

"एवढा शिकलास," तो मागं न बघता म्हणाला, "एक सांग. न्हाय पिलो तर वाचतो व्हय?"

घरात काही अडलं की माझ्याकडं यायचं, ही रीत. बँकेचं, कचेरीचं, कन्नडमधून आलेल्या नोटिशीचं. उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं.

"डॉक्टरास्नी पण सांगता येत न्हाय," मी म्हणालो.

"मला वाटलंच." त्यानं वल्ह्यावरचं पाणी झटकलं. "तिला सांगू नगंस. तिला वाटतंय, भंडाऱ्यानं भागलं."

मग त्यानंच नाव वैनीकडं फिरवायला सांगितली.

काठावर उतरल्यावर वैनीनं त्याच्या ओल्या, कोऱ्या कपाळाकडं बघितलं.

"पाणी उडालं," अण्णा म्हणाला.

ती जवळ गेली, पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता वास घेतला. "उडू द्या," ती म्हणाली. "चपला घाला, वाळू तापलीया."

घाट चढताना दोघं मागच्या सीटवर होते. अण्णा काचेला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता, झोपला नव्हता. त्या दिवशी त्यानं घेतली नाही, एवढं मी छातीठोक सांगतो. पुढचं मला सांगता येणार नाही. मी टिळकवाडीत असतो, आणि फोन केला की वैनी म्हणते, "बरं हाय, भावजी," आणि दुसरं काही बोलायच्या आत ठेवून देते.