घुंड्यांचा कोट

आमच्या दुकानात थंडी जुलैतच येते. बाहेर सगळं नोव्हाय गाव हाफपँटीत आइस्क्रीम खात हिंडत असतं आणि आम्ही आत लोकरीच्या मोज्यांचे खोके फोडत असतो. हरणांच्या शिकारीचा मोसम पानगळीत येतो, बंदुकीचा तर थेट नोव्हेंबरच्या मध्यावर. पण कोणते बूट मागवायचे, भडक केशरी जाकिटं किती, हात शेकायच्या पुड्या किती, हे सगळं उन्हाळ्यातच ठरवावं लागतं. एवढं करूनही मोसमाच्या आदल्या संध्याकाळी निम्मं गाव दारात उभं असतं. तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं फक्त आपल्याकडेच असतात असं नाही.

मी मूळची नागपूरची. नवऱ्याच्या गाड्यांच्या कंपनीतल्या नोकरीमुळे इथे परदेशात आले. मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली आणि रिकामं घर मला खायला उठलं. शिवणकाम हाताशी होतं, आणि या दुकानात कपडे कमी-जास्त करून द्यायला कुणीतरी हवं होतं. हळूहळू कपड्यांचा सगळा विभागच माझ्याकडे आला. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी हळूच विचारलं होतं, "अगं, शिकारीचं दुकान? पाप नाही का लागत?" मी म्हटलं, "काकू, परवा माझ्याकडे तुम्ही मटणाचा रस्सा दोनदा घेतलात. तो बोकड काय हार्ट अटॅकने गेला होता?" त्यानंतर तो विषय निघाला नाही. माझी जीभ अशी आहे, आणि या वयात ती सुधारेल असं मला वाटत नाही.

कपड्यांबद्दल मला दुकानाच्या मालकिणीने शिकवलं. ती सत्तरीकडे झुकलेली, पण अजूनही दरवर्षी जंगलात जाते. तिचं म्हणणं असं की हरणाला फसवायचं तर दोन गोष्टी सांभाळा, आवाज आणि वास. रंगाचं त्याला फारसं काही नसतं. केशरी घालायचं ते दुसऱ्या शिकाऱ्याला आपण माणूस आहोत हे कळावं म्हणून, आणि तो कायदाच आहे. सप्टेंबरात आमची ती अख्खी भिंत केशरी झाली की मला दरवर्षी वाटतं, आता कुणीतरी आतून ढोल-ताशे काढणार.

त्या सप्टेंबरात एक म्हातारा आपल्या मुलीबरोबर दुकानात आला. जुनं गिऱ्हाईक, मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेला. वर्षापूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला होता, पण उजवा हात खिशात ठेवल्यासारखा नुसता असायचा. डाव्या हातावर त्याने एक कोट टाकला होता. जाड लोकरीचा, लाल-काळ्या चौकड्यांचा, आणि पुढे बारीक, घट्ट बटणांची रांग.

"हा मला एका हाताने घालता-काढता आला पाहिजे," तो म्हणाला. "नवीन काही दाखवू नका. नवीन कपडे फार बोलतात."

मुलगी म्हणाली, "डॅड, बटणं मी लावून देईन ना."

"घरी लावतेस तेवढं पुरे. जंगलात नाही." तो विषय त्याच्याकडून संपला होता.

तो कोट काउंटरवर ठेवून बूट बघायला पुढे गेला तेव्हा मुलगी माझ्यापाशी थांबली. तिशी-पस्तिशीची असेल. बंदूक तीच चालवणार होती, त्याला नुसतं शेजारी बसायचं होतं. "लहानपणापासून आम्ही दोघं मोसमाच्या पहिल्या दिवशी एकत्र जातो," ती म्हणाली. "गेल्या वर्षी ते हॉस्पिटलमध्ये होते. हल्ली दिवसभर खिडकीपाशी बसून असतात. या वर्षी गेले नाहीत, तर पुन्हा कधी जातील असं मला वाटत नाही." तिने डोळे पुसले नाहीत की काही नाही, नुसती कोटाची बाही सरळ करत राहिली. मी तो कोट घेतला आणि जमेल म्हणून सांगून बसले.

जमणार कसं, ते मात्र माहीत नव्हतं. आधी मला वेल्क्रो सुचला. मालकिणीने एका जाकिटाचा वेल्क्रो माझ्या कानापाशी आणून चर्रकन ओढला. "हरीण आता शेजारच्या राज्यात, ओहायोत पोचलं," ती म्हणाली. चेन लावावी तर तिचं खालचं टोक धरायला दुसरा हात लागतो. लोहचुंबकाची बटणं खटकन वाजतात. नाडी एका हाताने बांधता येत नाही, हे ज्याने कुणी हात मोडून घेतलाय त्याला विचारा.

मग एके दिवशी कोट पुढ्यात घेऊन बसले असताना घुंडी आठवली. नागपूरला शिवणाच्या क्लासमध्ये आमच्या बाईंनी अंगरख्याच्या घुंड्या करायला शिकवल्या होत्या. कापडाची बारीक सुरळी करायची, तिची गाठ वळून वळून गोल गोळी करायची, आणि समोर कापडाचाच फासा. तेव्हा मी भयंकर कुरकुर केली होती. अंगरखे आता नाटकातल्या मावळ्यांशिवाय कोण घालतं, असं बाईंच्या तोंडावर विचारलंही होतं. पण घुंडी कापडाची, म्हणजे आवाज नाही. हवी तेवढी मोठी करता येते. फाशात आतून जाड दोरी भरली तर तो आपला आपण उघडा उभा राहतो, धरावा लागत नाही. अंगठ्याने लोटली की घुंडी आत.

पहिल्या घुंड्या वाटाण्याएवढ्या झाल्या, त्या उसवल्या. मग आवळ्याएवढ्या केल्या. उजवा हात ओढणीने पोटाशी बांधून मी आरशासमोर कोट घालून बघायला लागले. तेवढ्यात नवरा आला.

"काय करून राहिली गं?"

"प्रॅक्टिस. उजवा हात गेलाय असं समजा."

"म्हणजे आता चहा पण मीच करायचा का?"

त्याने चहा केला, आणि फासे थोडे तिरपे लावले तर डाव्या हाताला सोपं जाईल, हेही त्यानेच सुचवलं. आयुष्यभर गाडीच्या दारांच्या कड्या डिझाइन केलेला माणूस, कधीतरी घरच्या कामाला यायचाच. तिरपे फासे खरंच बरे पडले. मी ते त्याला लगेच सांगितलं नाही.

कोट पुरा झाला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आता दसऱ्याला माझ्या शिलाई मशीनची पूजा असते. ती मी नागपूरहून इथपर्यंत कधी चुकवलेली नाही. मशीन पुसलं, हळद-कुंकू लावलं, शेतावरच्या दुकानातून आणलेले झेंडू वाहिले. कोट मशीनवरच होता. तो उचलून बाजूला ठेवावा असं माझ्या मनातही आलं नाही. उलट वाटलं, याच्याच कामाला यश हवंय, तर हाही असू दे पूजेत. धूप चांगला सढळ हाताने घातला आणि हात जोडून म्हटलं, म्हाताऱ्याचं काम होऊ दे. तेवढ्यात धुराचा अलार्म कोकलायला लागला. नवऱ्याने वर्तमानपत्र घेऊन धूर जोरजोरात हाकलला, आणि तो सगळा कोटाच्या दिशेने.

दुसऱ्या दिवशी मी मिरवत कोट दुकानात नेला. मालकिणीने घुंड्या लावून बघितल्या, काढून बघितल्या, मान डोलावली. मग कॉलर नाकाशी नेली आणि तिचा चेहरा बदलला.

"हा कोट चर्चमधून आणलास का?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी मेहनत, आणि हिला चेष्टा सुचतेय. मग मी स्वतः कोट हुंगला. लोकरीत धूप असा मुरला होता की देवघरात उभं असल्यासारखं वाटलं. आणि शिकारीच्या कपड्यांना साबणाचा वाससुद्धा चालत नाही, हे मीच गिऱ्हाइकांना रोज सांगते. बिनवासाचा साबण विकते. जंगलात जायच्या दिवशी गाडीत कॉफी सांडू नका म्हणून दम देते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी कोट घरी परत आणला. लोकर गरम पाण्यात घालता येत नाही, म्हणून गार पाण्यात बिनवासाच्या साबणात भिजवला, पुन्हा भिजवला. वास पातळ झाला, गेला नाही. घरात टांगायची सोय नव्हती, फोडणीचा वास आणखी लागला असता. नवरा म्हणाला, गॅरेजमध्ये टांग. गॅरेजमध्ये आमची दुसरी शेगडी आहे आणि दिवाळीच्या चकल्या तिथेच तळायच्या होत्या. शेवटी मागच्या अंगणात मेपलच्या झाडाखाली दोरी बांधून तिथे टांगला. रोज सकाळी अनवाणी गवतात जाऊन हुंगून यायची. शेजारी कुत्र्याला फिरवताना बघायचे आणि हात करायचे. रात्री पडल्या पडल्या मला त्या माणसाची खिडकी दिसायची. आपल्या भक्तीपायी त्याचा दिवस जाणार, या विचाराने मला रडू यायचं. मी चिडकी आहे, रडकी नाही, तरी यायचं.

शेवटी धीर करून म्हाताऱ्याच्या मुलीला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. पूजा म्हणजे काय तेही सांगितलं. ती म्हणाली, "एक मिनिट, डॅडला देते." ती त्याला सगळं सांगताना ऐकू येत होतं, आणि मला पळून जावंसं वाटलं.

"तुम्ही माझ्या कोटासाठी प्रार्थना केलीत?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो. पण धूर फार झाला."

"घुंड्या का काय त्या, लागतात का?"

"तुम्हीच येऊन बघा."

ते दोघं दुकानात आले. त्याने डावी बाही आधी न घालता उजवी आधी घातली, तो मेलेला हात हलकेच आत सरकवत. मी पुढे झाले तर मालकिणीने मागून माझा कुर्ता धरला. मग त्याने अंगठ्याने पहिली घुंडी लोटली. ती निसटली. पुन्हा लोटली. आत गेली. दुसरीला वेळ लागला नाही. शेवटची लागल्यावर त्याने सगळ्या उघडल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून लावल्या, जणू आमच्यापैकी कुणी दुकानात नव्हतंच. मुलगी पाठ करून बुटांच्या खोक्यावरची माहिती फार लक्ष देऊन वाचत होती.

"वासाचं मी बघतो," तो म्हणाला. जंगलातली सुकी पानं आणि पाइनच्या डहाळ्या घालून तो कोट खोक्यात बंद करून ठेवणार होता. जुने शिकारी तसंच करतात. केशरी जाकीट मी त्याला डोक्यावरून घालायचं, बिनबाह्यांचं, बिनबटणाचं दिलं.

मोसमाच्या पहिल्या दिवशी दुकानात चिटपाखरू नव्हतं. सगळे जंगलात. मालकीणही. मी उरलेल्या टोप्या लावत बसले आणि दर थोड्या वेळाने बाहेर बघत होते. वारा कोणत्या दिशेने वाहतोय हे मी आयुष्यात कधी इतकं पाहिलं नव्हतं.

ते दोघं शनिवारी आले. कोट त्याच्या अंगावर होता, घुंड्या लावलेल्या. मी हरीण मिळालं का ते विचारलं नाही, नुसती बघत राहिले. मुलीनेच सांगायला सुरुवात केली. उजाडलं तेव्हा एक मादी आली, बरोबर तिचं वाढलेलं पिल्लू. त्यांच्याकडे परवाना नराचा होता, त्यामुळे नुसतं बघायचं होतं. हलायचं नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. ती अगदी जवळ आली, आणि चरत राहिली.

"वास?" मी विचारलं.

"आत अजून थोडा आहे," म्हातारा म्हणाला. "मला आवडतो. मादीनेही काही तक्रार केली नाही."

मुलगी पुढे सांगू लागली. वडिलांचं सगळं बघण्याच्या गडबडीत, खुर्ची, पांघरूण, थर्मास, औषधं, तिचं स्वतःचं जाड जाकीट ट्रकमध्येच राहिलं होतं. अंगात नुसता स्वेटर आणि वर ते पातळ, बिनबाह्यांचं केशरी जाकीट. मादी समोर उभी, उठता येईना. ती थंडीने थरथरायला लागली आणि दात वाजू नयेत म्हणून तिने ओठ दाबून धरले. मग तिला शेजारी हालचाल जाणवली. वडिलांनी केशरी जाकीट मांडीवर उतरवलं होतं आणि एकेक घुंडी सोडत होते. कसलाच आवाज नाही. मादीने मान वर केली नाही. त्यांनी कोटाचा डावा भाग उघडला, तिला आत ओढून घेतलं आणि वरून हात टाकला. ते तसेच बसून राहिले, मादी निघून गेली तरी.

"वर्षभर मी त्यांना कपडे घालतेय," ती म्हणाली, आणि त्याच्या कोटाची बाही सरळ करत राहिली.

म्हातारा माझ्याकडे वळला. "हिच्या मापाचं एक गरम जाकीट काढा," तो म्हणाला. "विसरते ही. लहानपणापासून अशीच आहे."