पाठकसाहेबांचा जुलै

नवीन परिपत्रक आलं की पाठकसाहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायचे. खोटं वाटेल, पण मी स्वतः पाहिलंय. शहरातले बाकीचे कर सल्लागार कपाळाला हात लावून बसलेले असायचे, आणि उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात हा साठीचा गृहस्थ चष्मा डोक्यावर सरकवून, "आलं! वैशाली, आलं बघ नवीन!" करत फक्त नाचायचा बाकी असायचा. मला असा संताप यायचा! गेल्या आठवड्यात घोकून घोकून पाठ केलेलं सगळं पाण्यात गेलेलं असायचं. साहेब म्हणायचे, "अगं, कायदा बदलला म्हंजे लग्न मोडलं का? मुहूर्त बदलला फक्त. चल, चहा सांग."

मी पाचोडची. बी.कॉम. झाले आणि त्यांच्या हाताखाली लागले. साहेबांची कामाची तऱ्हाच वेगळी. माणूस पिशवीतून कागद काढायला लागला की ते त्याचा हात धरायचे. "कागद राहू द्या. आधी वर्ष सांगा." म्हणजे वर्षभरात घरात काय काय घडलं ते सगळं सांगायचं. माझा जीव खालीवर व्हायचा, कारण जिन्यात खालपर्यंत माणसं उभी असायची. पण एकदा वाळूजचा एक कामगार, रात्रपाळी करून आलेला, पेंगत पेंगत बोलता बोलता म्हणाला, "धाकट्या भावाला चालता येत नाय, मीच बघतो त्याचं." साहेब ताडकन उठले. "अरे माझ्या राजा, त्याची सूट मिळती तुला! इतकी वर्षं बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "कुणी इचारलंच नाय." साहेबांनी त्याला पेढा भरवला. जिन्यातली मंडळीही फुकट ऐकायची, मध्येच सल्ले द्यायची, आणि त्या गर्दीत एक सोयरीकसुद्धा जमली. मुलाकडचे आणि मुलीकडचे, दोघेही आमचेच पक्षकार. उत्पन्न एकमेकांना आधीच ठाऊक, मग बोलणी कसली करायची!

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर मात्र फुगतच चाललं होतं. बायपासला इमारतींवर इमारती उठत होत्या, नळाला पाणी नव्हतं आणि पाणी विकणाऱ्या रफीकभाईंच्या एका टँकरचे चार टँकर झाले होते. तरी जुलै आला की रफीकभाई चेहरा पाडून जिना चढायचे. "वकीलसाब, बहुत मंदी है." आमच्याकडं कराचं काम करणाऱ्याला वकीलसाहेबच म्हणतात. साहेब हसून लोटपोट व्हायचे. "रफीकभाई, अर्धं शहर तुमच्या पाइपाखाली हंडा धरून उभंय, आणि मंदी? वर्ष नीट सांगा!" मग रफीकभाईही हसायला लागायचे आणि सगळं खरं सांगायचे. जाताना म्हणायचे, "आपके सामने झूठ बोलने में मजा ही नहीं आता."

शहर वाढत होतं तशी शेतं प्लॉट होत होती. हद्दीपासून आठ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन विकली तर कर नाही, अलीकडची विकली तर आहे. हे मोजायला साहेब स्वतः स्कूटर काढायचे. भर मे महिन्यात मी मागं बसून मीटरचे आकडे ओरडून सांगायची, आणि शेवटचा ओढा ओलांडला की शेताचा मालक देव पाण्यात घालून उभा असायचा. मग सरकारनं नियम बदलला. अंतर रस्त्यानं नाही, सरळ हवेतून मोजायचं! म्हणजे आमची सगळी वणवण फुकट. मी रडकुंडीला आले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "आता कावळ्याला नोकरीवर ठेवू!"

असा हा आनंदी माणूस. पण त्यांच्या घरी जुलै महिना नसायचाच. विवरणपत्रांची शेवटची तारीख महिनाअखेरीला, आणि त्यांची एकुलती एक लेक ऋता जन्मली तीही नेमकी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. तिचा वाढदिवस दर वर्षी ऑगस्टात. साहेब तिला सांगायचे, "तुला मुदतवाढ दिलीय." लहानपणी ती हसायची. पुढं हसेनाशी झाली. तिची आई, म्हणजे आमच्या काकू, मला म्हणाल्या होत्या, "फ्रॉक घालून दारात बसायची गं. झोप लागायची तिला तिथंच."

ऋता इंजिनियर झाली, वाळूजच्या एका कारखान्यात लागली, तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं. आणि घरात सांगून टाकलं, "बाबा, लग्न रजिस्टर पद्धतीनं, माझ्या वाढदिवसाला, सकाळी साडेदहाला. मुदतवाढ नाही. आलात तर आलात." दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसात आले, चहासुद्धा सांगितला नाही. म्हणाले, "वैशाली, 'आलात तर आलात' म्हणाली गं ती." मला त्यांच्याकडं बघवेना.

पण संध्याकाळपर्यंत गडी सावरला. जिन्यात पाटी लागली: 'यंदा शेवटची तारीख वीस जुलै. हुकमावरून.' काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! रफीकभाई पाटी वाचून वर आले. "क्या वकीलसाब, सरकार से भी आगे निकल गए?" साहेब म्हणाले, "सरकारला लेक नाय, मला हाय." माणसं घरी पळाली, कपाटं उचकली, बँकेत भांडली आणि कागद घेऊन आली. आयुष्यात पहिल्यांदा आमचं काम वेळेआधी संपलं. आणि लग्नाला तीन-चार दिवस राहिले असताना सरकारनं सगळ्यांनाच महिनाभराची मुदतवाढ देऊन टाकली! फोनवर फोन, शिव्यांवर शिव्या. "आम्हाला उगंच पळवलं की ओ!" साहेब डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग लेकीला शब्द दिला, लग्नादिवशी फोन बंद आणि कराचा शब्द तोंडातून काढणार नाही.

लग्नाच्या दिवशी साडेदहाला विवाह नोंदणीच्या खोलीत सगळे हजर. काकू, ऋता, नवरदेव, त्याचे आईवडील, मी. साहेब नाहीत. काकू म्हणाल्या, "ते तर पहाटेच आवरून पुढं निघाले." फोन बंद. पावणेअकरा झाले. ऋता नुसती दाराकडं बघत राहिली. साहेब म्हणायच्या लायकीचा माणूस नाही हा, असं मनात म्हणत मी स्कूटर काढली आणि तडक ऑफिस गाठलं. बघते तर कुलूप! दवाखान्यात फोन करावा का, असा विचार करत परत आले, आणि नोंदणी कार्यालयाचा जिना चढता चढता ओळखीचा आवाज ऐकू आला. "नाय म्हंजे नाय! आज एक शब्द इचारू नका. आज मी फक्त बाप आहे!"

आवाज येत होता प्लॉटच्या खरेदीखतांच्या खोलीतून. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, चार दारं अलीकडं. पक्षकारांबरोबर साहेब वर्षानुवर्षं याच खोलीत, याच बाकावर बसत आले होते. पाय सवयीनं तिथंच गेले. रेशमी कुर्ता, कपाळाला गंध, हातात मोगऱ्याचा गजरा, आणि भोवती प्लॉटवाल्यांचा घोळका. मला बघून खेकसले, "किती उशीर! नऊपासून बसलोय मी. ऋता कुठंय? तिचा विचार तर बदलला नाय ना?"

मी त्यांना दंडाला धरून ओढतच नेलं. सगळा प्रकार कळल्यावर नवरदेवाचे वडील भिंतीला टेकून हसायला लागले, काकूंनी तोंडाला पदर लावला. ऋता हसत नव्हती. तिनं बापाच्या हातातला सुकायला आलेला गजरा बघितला.

"नऊपासून?" तिनं विचारलं.

"व्हय. सारखा दाराकडं बघत होतो. वाटलं, आता येतीय की नाय पोरगी." साहेबांनी गजरा तिच्यापुढं धरला. "लई अवघड असतंय गं वाट बघणं. तू कसं केलंस इतकी वर्षं?"

ऋता त्यांच्या गळ्यात पडली आणि ढसाढसा रडली. मी पण रडले, लपवायचं काय त्यात! कार्यालयातल्या बाबूनं रजिस्टर पुढं सरकवलं आणि विचारलं, "साक्षीदार कोण?" साहेब म्हणाले, "मी." पण चष्म्यावर पाणी आलेलं, सहीची जागाच दिसेना, तेव्हा ऋतानंच त्यांचा हात धरून पेन तिथं टेकवलं.