दोन्या एदिल्माचं नाक

पितालितो गावात दोन्या एदिल्माच्या, म्हणजे एदिल्माबाईंच्या, नाकाचा दरारा होता. डोंगरातले शेतकरी कॉफीची पोती उतरवायचे ते तिच्या चेहऱ्याकडे बघत. चमचाभर कॉफी सुर्रकन ओढून तिने भुवई उचलली, की बिचाऱ्यांच्या मालाचा भाव उतरायचा. या नाकासाठी बाईने काय काय सोडलं! अत्तर नाही, वासाचा साबण नाही, स्वतःच्या लग्नात केसांत फूलसुद्धा नाही. नवरा निघून गेला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "तो तरी काय करेल? त्याचं दाढीचं क्रीमसुद्धा चालायचं नाही हिला!"

आणि मागच्या तापात ते नाकच गेलं.

ताप उतरला, वास परतला नाही. कांदा करपला तरी कळेना. जिभेवर कडू-आंबट तेवढं उरलं. तिने कुणालाच सांगितलं नाही, लेकीलाही नाही. नोकरी गेली असती तर युरानीचं नर्सिंगचं शिक्षण तिथेच थांबलं असतं. म्हणून ती चाखायच्या टेबलाशी निदियाला खेटून उभी राहू लागली. निदिया तिच्याच हाताखाली शिकलेली. तिचा चेहरा खुलला की ही गुण चढवायची, तिने नाक मुरडलं की उतरवायची. 

त्या सोमवारी पेले मांडून झाले. मुख्य चाखणारे साहेब, दॉन हेंतिल, पहिल्याच पेल्यावर वाकले आणि ताठ झाले.

"सेंट मारून कोण आलंय?"

त्या खोलीत याहून मोठा गुन्हा नव्हता. निदिया गोरीमोरी झाली. एदिल्माला तर कसलाच वास येत नव्हता, आणि गप्प राहावं तर बिंग फुटणार. तिने सगळ्यांच्या आधी आवाज चढवला.

"निदिया, लाज नाही वाटत? दारातच नाकात शिरला माझ्या! काल मिरवलीस ना त्या तुझ्या हिरोबरोबर? आंघोळ तरी करून यायचंस! शी, नुसता फुलांचा बाजार!"

"फुलांचा?" दॉन हेंतिल म्हणाले.

निदियाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं नव्हतं.

"दोन्या एदिल्मा," ती हळूच म्हणाली, "तुमच्याच गळ्यापाशी येतोय."

सकाळी युरानी गळ्यात पडली होती; सेंट तिचाच असणार. एरवी कामावर निघताना एदिल्मा लेकीला हातभर लांब ठेवायची. आज आईने ढकललं नाही म्हणून पोरगी किती वेळ बिलगून राहिली होती!

एदिल्माने ॲप्रनची कॉलर नाकाशी धरून जोरात श्वास ओढला. काहीच नाही. निदियाने स्टूल पुढे सरकवलं.

"कधीपासून हे?" दॉन हेंतिलनी विचारलं.

"तापापासून." आणि तिला रडू कोसळलं. "काढाल मला, माहितीये. काढा. पण आधी सांगा कुणीतरी, माझ्या पोरीच्या अंगाला वास कसला येतोय?"

निदिया वाकली. शिकवलं होतं तसे डोळे मिटून तिने तिच्या गळ्याशी नाक नेलं.

"कॉफी. काळी नाही, दुधातली. मग गूळ, नुकता पातळ झालेला. आणि शेवटी जरासं व्हॅनिला."

"घाई करू नकोस," एदिल्मा म्हणाली. "परत वास घे. सावकाश सांग."