उषाबाईचे हात आणि कपड्याचा साबण

टेंभुर्णीत हळदीचं मटण रांधायचं तर उषाबाईनंच. कच्ची पपई किसून लावली की जून बोकडही तिच्यापुढे नरमायचा. पपईच्या चिकानं हात खाजतात हे तिला ठाऊकच होतं, पण यंदाच्या थंडीत पपईला न शिवताही हात खाजत राहिले. रक्त बिघडलं, असं तिचं तिनंच ठरवलं आणि ती कपड्याच्या साबणानं हात घासू लागली. खाज वाढली तसं घासणंही वाढलं.

शेवटी तिच्या सुनेनं, दवाखान्यात नर्स असलेल्या तृप्तीनं, साबणाची वडीच लपवली. "आत्याबाई, पपईच्या चिकात असतो तसलाच रस आपल्या कातडीतबी असतो. तो जुनी कातडी सोडवतो. या साबणानं तो चवताळतो, आतल्या नसांना डिवचतो, मंग नसा मेंदूला खाज कळवतात."

उषाबाई हातांकडे बघत राहिली. "म्हंजे मी माझंच मटण मऊ करून राह्यलते," ती म्हणाली आणि तिनं खोबरेल तेल मागितलं.

हात निवले. पुढं शेजारीण धुण्याची बादली घेऊन, कपड्याच्याच साबणानं घासलेला दंड खाजवत आली, तेव्हा उषाबाईनं तिच्या बादलीतली वडी काढून घेतली.

"रक्त बराबर हाय तुझं. कातडीला मसाला लावणं थांबव."