नंदाबाईची पंगत

अंकुशनगरला कारखान्याच्या कॉलनीत संध्याकाळी साडेसातला कुणाच्या घरी काय चाललंय हे कळायला भिंतीला कान लावावा लागत नसे. नंदाबाईच्या घराला तर नाहीच. तिथं लेकरं जेवत असत. म्हणजे, जेवत नसत.

थोरला संपत आठ वर्षांचा, धाकटी दुर्गा पाचाची. संपतला वांग्याचं देठ दिसलं तरी मळमळायचं. मेथी कडू, शेपूला वास, आणि कारलं हे तर माणसाचं खाणंच नव्हे. भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा तो सोलून खायचा. दुर्गा वरणाचं नुसतं वरचं पाणी प्यायची, आणि भाजी पोळीला शिवली की पोळी बाटल्यासारखं ताट सरकवायची. एवढं सोवळं नंदाबाईच्या माहेरी देवघरातसुद्धा कुणी पाळलं नव्हतं.

बाईनं सगळं करून पाहिलं. गोडीनं सांगितलं, पाठीत धपाटे घातले. मेथी कणकेत लपवली, तर संपतनं पान न् पान वेचून ताटाच्या काठाला रांग लावली. शेवटी एकदा कंटाळून तिनं पोळीवर साखर भुरभुरली आणि तिथं ती फसली. कारखान्याच्या लोकांना साखर स्वस्तात मिळायची, घरातला डबा कधी रिकामा नसायचा, हे लेकरांना बरोबर ठाऊक. मग साखर पडेपर्यंत दोघंही तोंड मिटून बसायला शिकली.

नवरा भुजंग कारखान्यात फिटर. तो आपलं पोटभर जेवायचा, हात धुवायचा आणि विचारायचा, लेकरं नीट खात का नाहीत म्हणून. जसं काही नंदाबाईनंच त्यांची तोंडं शिवून ठेवली होती. सगळे उठले की ती दोन्ही उष्टी ताटं पुढं ओढायची आणि जे उरलं असेल ते खायची. अन्न टाकवत नव्हतं, आणि संतापानं गिळवतही नव्हतं.

ब्याण्णवच्या मे महिन्यात घनसावंगीकडच्या गावाहून सासू आली. गोजरबाई तिचं नाव. तिनं संपतचा सदरा वर केला, बरगड्यांवरून बोट फिरवलं आणि सुनेकडं पाहिलं. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा, असं ती म्हणाली. पोराला खरी भूक लागूच देत नाही तुम्ही, हा तिचा निकाल. दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन निघताना तिनं पुढचंही ठरवून टाकलं.

"माझ्याकडं खायला लागला, तर जूनमधी तिथल्याच शाळेत घालते. हितं पोरगं वाळून चाललंय."

भुजंगनं मान हलवली. आईपुढं त्यानं मान आडवी हलवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

पोर जीपमध्ये बसलं आणि नंदाबाईचा जीव थाऱ्यावर राहिना. त्यानं तिकडं जेवूच नये असं तिला वाटायला लागलं. सासूची खोड मोडली पाहिजे, दोन दिवसांत तिनं पोराला परत आणून सोडलं पाहिजे. आई असून आपण लेकराच्या उपासावर डोळा ठेवून बसलोय याची तिला लाज वाटायची, आणि तरी वाटायचं काही थांबेना. आठवड्यानं जीपवाल्या कडूबानं निरोप आणला. संपत भाकरी खातो, वांगं खातो, शेपूसुद्धा खातो. नंदाबाईनं त्याला चहा दिला, पण साखर घालायची विसरली.

जून लागला आणि गोजरबाई नातवाला घेऊन शाळेचा दाखला काढायला आली. पोराचे गाल भरले होते, ते बघून नंदाबाईला आनंद झाला आणि त्याहून जास्त राग आला. संध्याकाळी तिनं मुद्दाम वांगंच केलं. गोजरबाई, भुजंग आणि लेकरं पानावर बसली. ती स्टोव्हपाशी भाकरी थापत होती, पण नजर संपतच्या ताटावर. म्हातारीनं घास घेतला, तसा संपतनं घेतला. देठासकट खाल्लं. अर्धी भाकरी संपली, पापुद्रा न सोलता.

इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या हातचं काय इख लागत होतं का रे तुला?"

संपत गोंधळला. पोराला वाटलं आई खरंच विचारतेय, म्हणून त्यानं खरंच सांगितलं.

"आजी आधी खाती, मंग मला देती. तू कधीच खात न्हाई. आम्हाला वाढती अन् बघत बसती. मला वाटायचं भाजी खराब असंल, म्हणून तू खात न्हाई."

नंदाबाईला रागवायला माणूसच सापडेना. पोरावर रागवावं तर ते खरं बोललं होतं. सगळ्यांना वाढून मागं जेवायचं हे आईनं शिकवलं, सासूनं पक्कं केलं, आणि दहा वर्षांत तिनं स्वतः ते कधी मोडलं नाही. मग तिनं हाताचं पीठ झटकलं, मांडणीवरचं एक ताट घेतलं, त्यात वांगं वाढलं, भाकरी मोडली आणि संपत अन् दुर्गाच्या मधोमध बसली. नवरा आणि सासू पानावर असताना, स्टोव्ह पेटलेला असताना, ती जेवायला लागली. दुर्गा आधी आईच्या तोंडाकडं बघत राहिली, मग तिनं आईच्याच ताटातला भाजी लागलेला तुकडा उचलला.

भुजंगनं आईकडं पाहिलं. आता काय होणार, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. गोजरबाई सुनेकडं बघत होती. म्हातारीनंही आयुष्यभर सगळ्यांच्या मागून खाल्लं होतं. दात गेले, भाकरी कुस्करून खायला वेळ लागायला लागला, तेव्हा कुठं नातवंडांबरोबर बसायला लागली होती. आपली पोरं लहान असताना कशी जेवायची, हे तिनं आठवून पाहिलं तरी तिला आठवेना.

"भुजंग, ऊठ," ती म्हणाली. "तव्यावरची भाकर करपून राह्यली. उलथ ती."

भुजंग उठला. भाकरी त्याला धड उलथता आली नाही, बोट तेवढं भाजलं. गोजरबाईनं ठेच्याची वाटी सुनेच्या ताटाकडं सरकवली.

"दाखल्याचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "सकाळच्या जीपनं मी एकलीच जाते."

नंदाबाईला काही बोलता आलं नाही. तिच्या तोंडात घास होता.