पाठ टेकायची भिंत

गवंडीबुवांनी आयुष्यभर लोकांच्या भिंतींवर सिमेंट थापलं, आणि स्वतःच्याही. पण त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत कायम ओली. पोपडे अंगावर पडायचे, म्हणून बायकोने खाट भिंतीपासून हातभर लांब ठेवलेली. शेवटी बुवा इरेला पेटले. सगळं सिमेंट खरवडून त्यांनी मुरवलेल्या चुन्याचा गिलावा केला. थोड्याच दिवसांत त्यावर केसासारखी भेग दिसली.

"झालं! गेले कष्ट पाण्यात!" म्हणत बायकोने भेगा बुजवायच्या लांबीचा डबा काढला.

"खबरदार हात लावलास तर! अगं, एवढीशी भेग चुना आपली आपणच भरतो. फक्त पाणी हवं. आणि सिमेंटसारखी ओल कोंडून ठेवत नाही तो, बाहेर जाऊ देतो!"

बुवा रोज भेगेवर पाणी शिंपडू लागले. "भिंतीला आंघोळ घालतात!" बायको शेजारणीला सांगायची.

शिंपणं थांबवल्यावर काही दिवसांनी, एके सकाळी बुवांनी घर डोक्यावर घेतलं. "अगं ये, ये लवकर! दाखव भेग शोधून!"

तिने चष्मा पुसून पाहिलं, तळवा फिरवला. भेग कुठेच नाही, भिंत ठणठणीत कोरडी! तिने खाट ओढून भिंतीला लावली आणि बसली.

"मग? मानलंस ना आता?"

"गप्प बसा हो," ती डोळे मिटून म्हणाली, "इतक्या वर्षांनी पाठ टेकलीय."