मीठ-साखरेचं पाणी
मुलांनो, आपल्या गावच्या रेडिओ केंद्राचा आज वर्धापनदिन आहे, असं सकाळी रेडिओवरच ऐकलं, म्हणून हे लिहिते आहे. केंद्र नवं होतं तेव्हा महिलांच्या कार्यक्रमात मला एक भाषण मिळालं: बाळाला जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यावं. आमच्या घरी सून सासऱ्यांसमोर बोलत नसे, आणि हे भाषण त्यांना खटकलं असतं तर पुन्हा केंद्रावर जाणं बंदच. कार्यक्रम थेट प्रसारित झाला. मी घरी परतले तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुझं नाव आलं आन् हे उठून बाहेर गेले." तेवढ्यात सासरे पान चघळत आले आणि सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईला सांगा, मीठ किती घालायचं ते लई घाईत सांगितलं. पानवाला मलाच विचारत बसला." "म्हणजे टपरीवर उभं राहून ऐकलं व्हय?" सासूबाईंनी विचारलं. ते थेट माझ्याकडे वळले. "चिमूटभर का चमचाभर?" "तीन बोटांची चिमूट," मी म्हणाले. त्यांच्याशी बोललेले माझे ते पहिले शब्द. पुढे मी तिथं बरीच वर्षं बोलत राहिले. त्यातलं एकही भाषण ध्वनिफितीवर उरलेलं नाही. केंद्र मात्र अजून चालू आहे.